गावरानच हायेत ना?

आमच्या घरी अंडी शिल्लक राहतात ही बातमी भोकरभर कुणी केली ते मला अजून कळलेलं नाही. माझा संशय कोंबडीवरच आहे. अंडं घालून गुपचूप निघून जाईल ती कोंबडी कसली? खुराड्यातून बाहेर येते, मान ताणते आणि ‘कॉक कॉक कॉक कॉकाऽऽक’ करत चार घरं पलीकडं ऐकू जाईल अशी दवंडी पिटते. तिला सांगायचं असतं एवढंच, की झालं. पण गल्लीतल्या बायका कणीक मळता मळता मोजत असतात. दहा वाजायच्या आत सहा वेळा ओरडा झाला म्हणजे सहा अंडी. घरात माणसं चार, त्यातला म्हातारा माळकरी, म्हणजे खाणारी तीन. उरली की नाही? साडेदहाला फाटकाची कडी वाजते.

“वहिनी, अंडी हायेत म्हनं.”

“म्हनं” काय? आत्ताच ऐकलंय की तुम्ही.

खरं तर गावरान कोंबडीकडून शिल्लक निघावी अशी निसर्गाची योजनाच नाही. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते, आणि तीही सलग नाही. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, जवळ गेलं की चोच मारते आणि खाली अंडी आहेत की नाहीत हे बघण्याचेसुद्धा कष्ट घेत नाही. अंडी काढून घ्या, बटाट्यावर बसेल. बटाटा काढून घ्या, बटाट्याच्या आठवणीवर बसेल. एकवीस दिवस उबवण्यात जातात, पुढं महिना-दोन महिने पिल्लं हिंडवण्यात. खुडूक मोडायला थंड पाण्यात बुडवून काढा, पाय बांधून ठेवा, नाकात पीस घाला, असे उपाय प्रत्येक म्हातारीकडं असतात, आणि नाकात पीस घातलेली कोंबडी तेवढ्याच निष्ठेनं पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊन बसते. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी घालते ती उगीच नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून तिच्या रक्तातून हा खुडूकपणाच काढून टाकलाय. तिला आई व्हायची हौसच नाही, सरळ नोकरी करते.

आमच्याकडं शिल्लक आली ती सरकारी योजनेमुळं. पशुसंवर्धन खात्याची एक गट वाटप योजना आहे. आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगा मिळतात, पंचवीस माद्या आणि तीन नर, निम्मं अनुदान. माझ्या मेव्हण्याला गावाकडं असा गट मंजूर झाला. अर्ज केला तेव्हा त्याला पंचवीस आणि तीन हे आकडे कागदावर शोभून दिसले होते. प्रत्यक्ष खोके उघडल्यावर त्याची बायको म्हणाली, “या राहतील नाहीतर मी.” पोरगा शहाणा निघाला. नऊ तलंगा आणि एक कोंबडा डालग्यात घालून, वर फडकं बांधून, बहिणीची माया म्हणून आमच्या दारात ठेवून गेला.

या तलंगा होत्या ग्रामप्रिया जातीच्या. ही जात काढली हैदराबादजवळच्या राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन केंद्रानं, वनराजही त्यांचीच. गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. या सगळ्या दिसायला गावरान, अंगणात उकरून पोट भरणाऱ्या, पण अंडी गावरानच्या दुपटी-तिपटीनं घालणाऱ्या. म्हणजे वेश खेड्यातला आणि हजेरी कारखान्यातली. आमची घरची जुनी तांबडी कोंबडी त्यांच्याकडं बघून महिनाभर अंडं विसरली होती.

आणि इथूनच तो प्रश्न सुरू झाला. प्रत्येक गिऱ्हाईक अंडं हातात घेऊन, जरा फिरवून, डोळे बारीक करून विचारतं, “गावरानच हायेत ना?”

याचं प्रामाणिक उत्तर पाऊण तासाचं आहे. वंशावळ सांगावी लागते, राजेंद्रनगर सांगावं लागतं. पहिल्या-पहिल्यांदा मी सांगितलंही. ऐकणाऱ्याचा चेहरा असा व्हायचा, की स्थळ बघायला आलाय आणि मुलाच्या आधीच्या लग्नाबद्दल आत्ता कळतंय. शेवटी बायकोनं सूत्रं हातात घेतली. “ओ, हितंच वाढली, हितलंच खाती, रात्री आमच्याच दारात झोपती. अजून काय रहिवासी दाखला आणू का तिचा तहसीलातून?”

“पन मूळ हैदराबादची म्हनलात की.”

यावर ओसरीवरून आबा बोलले. आबा म्हणजे माझे वडील. “भोकर तरी मूळ कुठलं होतं? सतरा सप्टेंबर अठ्ठेचाळीसपर्यंत आपन समदेच हैदराबादचे. कोंबडीला काय बोलायलाव?”

तो मुद्दा तिथंच निकाली निघाला. मला मात्र यात एक जुनी खंत दिसते. आमच्या या भागानं गायी-बैलांना नावं दिली. लातूरकडची देवणी, आमच्या नांदेडची लाल कंधारी. कागदोपत्री नोंद झालेल्या, प्रदर्शनात बक्षिसं घेणाऱ्या जाती. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या झाबुआनं कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळवून दिलं. आणि आमच्या कोंबडीला काय मिळालं? ‘गावरान’. म्हणजे आडनाव विचारलं तर ‘इथलीच’.

बरं, अंड्याच्या कवचाचा रंग जातीवर ठरतो, सत्त्वावर नाही, हे कुणाला पटवून बघा. तपकिरी कवच म्हणजे ताकद, पांढरं म्हणजे पाणी, हा भोकरपासून भैंशापर्यंत एकमतानं मान्य सिद्धांत आहे. पिवळ्या बलकाचं गडदपण कोंबडीनं खाल्लेल्या हिरव्या पाल्यावर आणि मक्यावर अवलंबून असतं, हेही कुणाला नको असतं. माणसाला अंड्यात माहिती नको असते, बालपण हवं असतं. या श्रद्धेवर पोट भरणारेही आहेत. पांढरी अंडी चहाच्या कडक पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकणाऱ्यांच्या गोष्टी बाजारच्या दिवशी हमखास ऐकू येतात. त्यामुळं आमच्या दारात एक मावशी अंडं घेतल्यावर पदराचं टोक थुंकीनं ओलं करून घासून बघायच्या. रंग गेला नाही म्हणून घ्यायच्या, आणि रंग जात नाही म्हणजे पक्का रंग लावलाय अशी शंका घेऊन जायच्या.

पांढऱ्या अंड्याचं सगळंच सोपं असतं. त्याचा भाव रोज ठरून येतो. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. त्याआधी व्यापारी सांगेल तो भाव, आणि खर्चाच्या खालीही अंडं देऊन मोकळं व्हायची पाळी. माझं अंडं, माझा भाव, माझं जगणं, अशी त्या चळवळीची हाक होती. रविवार असो की सोमवार, रोज अंडी खा, असं दूरदर्शनवरून साऱ्या देशाला सांगणारी हीच समिती. आता शेकड्याचा भाव शहरागणिक जाहीर होतो. पुण्याचा निराळा, मुंबईचा निराळा, हैदराबादचा, नमक्कलचा निराळा.

आमच्या अंड्याचा भाव ओसरीवर जाहीर होतो आणि समोर कोण उभं आहे त्यावर बदलतो. बोलायला भाव एकच, आत्ताआत्तापर्यंत नगाला १५ रुपये. दुकानात पांढरं सात-आठला मिळतं तेव्हा दुप्पट घ्यायला आपल्यालाच संकोच वाटतो, त्यामुळं सांगतानाच आवाज खाली येतो. माहेरचं नातं निघालं की बारा. आमच्या पोराला शिकवलेल्या मास्तरांना दहा. बाळंतीण असेल तर पैसे घ्यायचे नाहीत. आजारी असेल तर घ्यायचे, पण घेताना “कशाला, राहू द्या” दोनदा म्हणायचं. मागच्या गल्लीतली खाला दारातूनच म्हणते, “क्या माय, सोना बेच रहे क्या तुम?” आणि पदरात दहाच रुपये बांधून आलेली असते. वर जाताना आमच्या पोराच्या हातावर खजूर ठेवून जाते, त्याची किंमत निराळी. या सगळ्याचा जमाखर्च आबा ठेवतात. गळ्यात माळ असल्यामुळं ते अंड्याला हात लावत नाहीत, पण कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या खुणेखाली बारीक अक्षरात आवक-जावक लिहितात. पन्नास वर्षांची पंढरीची वारी करून आलेला माणूस चष्मा पुसत विचारतो, “काल सातची आवक हाय अन् जावक पाचच लावलीस. दोन कुठं गेले?” तेव्हा ऑम्लेट खाल्लेल्या नातवाला घाम फुटतो.

गिऱ्हाइकांत सगळ्यात भला माणूस कोण, तर उताऱ्याला अंडं नेणारा. लिंबू, मिरची, हळद-कुंकू आणि एक अंडं, एवढं साहित्य तिन्हीसांजेला चौकात ठेवायचं असतं, आणि त्याला गावरानच लागतं. पांढरं चालत नाही. बाहेरच्या बाधेला पोल्ट्री आणि अंगण यांतला फरक कळतो म्हणतात. हा माणूस घासाघीस करत नाही, पाण्यात बुडवून बघत नाही, गावरानच का असंही विचारत नाही. वीसची नोट ठेवतो आणि सुटे न घेता मागं न बघता जातो. त्याला मागं बघायची मनाईच असते म्हणा. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात बघितलं तर लिंबू तिथंच, मिरची तिथंच, अंडं गायब. बाधा खाते की कुत्रं, हा वादाचा विषय आहे. दोघांपैकी कुणाचीही अंड्याच्या दर्जाबद्दल तक्रार आलेली नाही.

सगळ्यात जीव दुखावणारं गिऱ्हाईक म्हणजे जिमचं पोरगं. भोकरातही आता जिम झालीय, आरसे लावलेली. एक पोरगा रोज सहा अंडी न्यायचा. आम्ही खूश. मग कळलं की तो पांढरं तेवढं खातो आणि पिवळं मोरीत ओततो. बायकोनं हे ऐकलं आणि ती खुर्चीत बसली. म्हणाली, “अरे, समदा पालापाचोळा खाऊन, दिसभर उकरून तिनं जे कमवलं ते तू मोरीत घालायलास? तुला पांढरंच पाहिजे तर पांढरी अंडी घे की बाबा.” गिऱ्हाईक स्वतःहून हाकलून द्यायची ही आमच्या धंद्यातली पहिली आणि शेवटची वेळ.

आणि मग ते सांजेचे गिऱ्हाईक. कापडी पिशवी काखेत, इकडं-तिकडं बघत येणारे. हे अंड्याला अंडं म्हणत नाहीत. “ते द्या की चार.” डॉक्टरनं सांगितलेलं असतं. नेहमी डॉक्टरच सांगतो. मराठवाड्यातले डॉक्टर बाकी काही सांगोत न सांगोत, सज्जन माणसाला अंडं खायला नक्की सांगतात. घरात नेलं तरी ते स्वयंपाकघरात जात नाही. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, तिथं ठेवणीतलं काळं पातेलं, आणि ते पातेलं धुवायचं पुन्हा तिथंच. एकदा असे एक गृहस्थ अंधार पडता पडता फाटकातून आत आले आणि ओसरीवर आबांना बघून जागीच थिजले. दोघं एकाच भजनी मंडळातले, मृदंगावर हे आणि टाळावर ते.

“रामकृष्णहरी. हिकडं कसं काय?” आबा म्हणाले.

“काई नाही. एकादशी कवा हाय ते इचारावं म्हनलं.”

“परवा हाय,” आबा कालनिर्णयकडं बघत म्हणाले. मग त्याच चौकोनावर बोट ठेवून, तितक्याच शांतपणे, “अन् शिल्लक चार हायेत. एकादशीच्या आत संपवा.”

आखाडात मात्र आडपडदा कुणालाच नसतो. आषाढ सरत आला की सगळ्या गावाला आठवतं की पुढं श्रावण आहे. जावई येतात, मित्र येतात, मळ्यात चुली पेटतात, आणि कोंबडा विकत का देत नाही म्हणून चार लोक रुसून बसतात. श्रावण लागला की तीच माणसं कोंबडीकडं बघतही नाहीत. अडचण अशी की कोंबडीला पंचांग कळत नाही. ती श्रावणी सोमवारी, नागपंचमीला, गणेश चतुर्थीला त्याच उत्साहानं घालते आणि त्याच उत्साहानं ओरडते. शिल्लक साठत जाते. मग ज्वारीच्या कोठीत अंडी पुरून ठेवायची, मुंबईचा भाऊ आला की डब्यात ज्वारी, ज्वारीत अंडी, वर पुन्हा ज्वारी असा थर लावून नंदीग्राम एक्सप्रेसनं पाठवायची. भावाचा फोन येतो, “दोन फुटली.” अंड्यांबरोबर दोन किलो ज्वारी फुकट गेली, त्याबद्दल फोन येत नाही.

एकदा वाटलं होतं की आता ही शिल्लक कायमची मार्गी लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, आणि न खाणाऱ्यांना केळं. आमच्या नांदेड जिल्ह्यात अर्धापूरची केळी प्रसिद्ध, त्यामुळं पर्यायाची चिंता नव्हती. ओळखीचे मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, बुधवारी दीडशे लागतील. बायकोनं खुराड्याकडं बघितलं. खुराड्यातून नऊ जणींनी मुख्याध्यापकांकडं बघितलं. वर अंड्यामागं मिळणार पाच रुपये. या पैशात गावरान अंड्याचं दर्शन तेवढं घेता येतं. मास्तर चहा घेऊन गेले. पुढं जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्यासाठीचा खर्चच थांबवला आणि दीडशे पोरांच्या ताटातलं ते एक अंडं गेलं. यावर विनोद सुचत नाही.

बर्ड फ्लूचं तंत्र निराळं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, जानेवारी २०२५ मध्ये उदगिरात कावळे मेले, आणि दोन्ही वेळेला फटका आमच्या ओसरीला. उदगीरच्या कावळ्यांचा आणि आमच्या कोंबड्यांचा परिचय नव्हता, पण गल्लीनं गुन्हा सिद्ध मानला. एक म्हातारबा तर वेगळ्याच काळजीत. “कोंबड्याचं जाऊ द्या. कावळेच गेले तर पिंडाला शिवायचं कुनी?” लोक फाटकाबाहेर उभं राहून, तोंडाला रुमाल लावून, “समद्या बऱ्या हायेत ना?” असं विचारायचे. आम्हाला वाटायचं केवढी माया. पुढचं वाक्य असायचं, “मग निम्म्या भावात द्यायलाव का?” नीट शिजवलं की तो विषाणू उरत नाही, हे सरकार सांगत होतं, डॉक्टर सांगत होते. आमच्या गल्लीचं शास्त्र त्याहून पुढं गेलेलं. साडेसात रुपयाला घेतलं की उरत नाही.

पण आमचं खरं रणांगण समोरचं घर. समोरच्या काकूंचा आमच्या कोंबड्यांशी उभा दावा. आणि तो खोटाही नाही. उन्हाळ्यात त्यांनी अंगणात कुरडया घालाव्यात, लाल मिरच्या पसराव्यात, आणि आमच्या नऊ जणींनी त्यावरून संचलन करावं. अबोलीचा वाफा उकरावा, त्यात धुळीची अंघोळ करावी. काकू काठी घेऊन धावत. “ओ वहिनी! तुमच्या कोंबड्या आमचं अंगन नांगरायल्या!” आणि त्याच संध्याकाळी पोराला पाठवत, “आईनं दोन अंडी मागितलीत उसनी.” उसनं गावरान घ्यायचं आणि फेडायचं दुकानातलं पांढरं, हा त्यांचा रिवाज. बायकोनं एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “तुमच्यापेक्षा मोठं दिलंय की. वजन करून बगा.” वजनात त्या बरोबर होत्या. गावरान भरतं चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम, पोल्ट्रीचं पंचावन्नच्या आसपास.

पण भावाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी जो मुद्दा काढला त्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही. “दाना आमच्या अंगनातला,” काकू बोटं मोडत म्हणाल्या, “किडे आमच्या उकिरड्यातले, पानी आमच्या हौदातलं. तुमच्या घरी येऊन ती काय करती? झोपती. अन् अंड्याचे पंधरा रुपये तुमाला?” बटईनं जमीन करतात तसं निम्मं-निम्मं व्हायला हवं, असा त्यांचा दावा. परसातल्या कोंबडीला खाद्याचा खर्च नाही असं योजनेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. खर्च असतो. तो शेजारी करतात.

तशात एक दिवस आमची जुनी तांबडी काकूंच्या सरपणाच्या ढिगात सापडली. अंडी चुकवून भलतीकडं घालायची कोंबडीची खोड जुनीच. काकूंनी तुऱ्हाट्या उचलल्या तर खाली नऊ अंडी. बातमी त्यांनी लपवली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. उलट सगळी गल्ली गोळा केली. बायको म्हणाली, कोंबडी आमची. काकू म्हणाल्या, सरपण आमचं. एक जण म्हणाला निम्मी-निम्मी करा, पण नवाचे निम्मे होईनात. शेवटी आबांना बोलावलं. ते काठी टेकत आले, ढिगाकडं बघितलं, अंड्यांकडं बघितलं, हात मागं बांधले.

“विहीर कुनी खांदली ते कोर्ट बघत नाही,” आबा म्हणाले. “सातबारा कुनाच्या नावावर हाय ते बघतंय. सरपन ज्याचं, अंडं त्याचं.”

बायकोनं सासऱ्यांकडं असं बघितलं की त्या रात्री भाकरी करपणार हे मला तिथंच कळलं. काकूंनी विजयी मुद्रेनं बादली मागवली. अंडी किती दिवसांची कुणास ठाऊक, म्हणून पाण्यात सोडली. ताजं अंडं तळाला आडवं पडतं, जुनं उभं राहतं, आणि फारच जुनं झालं की आतली हवा वाढून वर तरंगतं. दोन तळाला आडवी झाली. तीन उभी राहिली, जरा डुलत, कुणीतरी भाषण करायला सांगितल्यासारखी. चार वर आली. वर आलेल्यांतलं एक काकूंच्या धाकट्यानं कुतूहलापोटी काडीनं टोचलं, आणि सभा विसर्जित झाली. दोन दिवस त्या बाजूला खिडक्या बंद होत्या.

पैशाबद्दल सांगायचं तर आमच्या या धंद्याचा ताळेबंद फार स्वच्छ आहे. ज्वारी माझ्या पगारातली, लासोटाची लस माझ्या पगारातली, मुंगूस आत घुसलं म्हणून खुराड्याला मारलेली जाळी माझ्या पगारातली. अंड्यांचे पैसे बायकोचे. ते कोठीमागच्या डब्यात जातात, तिथून बचत गटात, तिथून भिशीत, आणि पुढं कुठं जातात हे मी विचारत नाही. आमच्या भागात अंड्याचा पैसा बाईचा, ही रीत कुठल्याही कायद्याहून पक्की आहे. मागच्या वर्षी सोयाबीन भिजलं, भावाला हात हवा होता, तेव्हा त्याच डब्यातून मला पाच हजार मिळाले. शेकडा दोन टक्क्यांनी. गटाचा दर तोच आहे, घरच्या माणसासाठी नियम मोडता येत नाही म्हणाली. हप्ते चालू आहेत. आणि अंडी विकायला ठेवलेली असतात म्हणून न्याहारीला मी हायवेवरच्या टपरीवरून पांढरी अंडी आणतो. रोखीनं.

बायकोच्या डब्याची वार्ता समोर पोचायला वेळ लागला नाही. मध्यंतरी काकू आल्या त्या तक्रार न घेता. ओट्यावर टेकल्या, चहा घेतला, आणि इकडचं-तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, “वहिनी, त्या तलंगाचा अर्ज कुठं करत असतेत ओ?”

“पंचायत समितीत. कामून?”

“काई नाही. आमच्या गावाकडच्या जाऊबाईला मंजूर झाल्या. पंचवीस अन् तीन. एवढ्या कुठं ठेवू म्हनली, म्हनून दहा मी घेतल्या.”

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला दोन्ही बाजूंचे कोंबडे समोरासमोर ओरडले आणि गल्लीत कुणाला पुन्हा झोप लागली नाही. पुढं तिकडच्याही तलंगा अंड्यावर आल्या, तेव्हा दोघींनी मिळून भाव एकच ठेवायचा असं ठरलं, नगाला सोळा. एकीनं उतरवायचा नाही, दुसरीनं उसनं द्यायचं नाही. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, पण जाणार कुठं?

आठवडाभर हे छान चाललं. काल दुपारी काकूंची एक पांढऱ्या ठिपक्यांची तलंग आमच्या पडवीत शिरली. तिथं उन्हाळा संपल्यावर टाकून दिलेला कूलर आहे. त्याच्या जाळीतलं गवत तिला आवडलं असावं. बऱ्याच वेळानं बाहेर आली, मान ताणली आणि गल्लीला कळवलं. आबांनी काठी टेकत जाऊन गवतात डोकावलं, परत येऊन चष्मा घातला आणि कालनिर्णयवर आवक एक लावली. तोवर काकू फाटकात.

“आबा, ते अंडं आमचं हाय.”

“असंल,” आबा म्हणाले. “कूलर कुनाचं हाय?”